दोन दिवसांत कोची नीट पाहून होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको आणि नऊ वर्षांची मुलगी, शुक्रवारी रात्री विमानाने कोचीला पोचणार, रविवारी रात्री परत. दोन्ही दिवस कोचीलाच द्यावेत की त्यातला एक मुन्नारला? ‘मासे धरायची चिनी जाळी सोडली तर कोचीत बघायला काही नाही’ असं ओळखीच्यांनी सांगितलंय, ते खरं का?

मुन्नार या खेपेला सोडा. सव्वाशे किलोमीटरच्या वर अंतर, त्यात घाट. जाऊन-येऊन आठ-नऊ तास गाडीतच जातील आणि चहाचे मळे काचेतून बघायचे राहतील. दोन्ही दिवस कोचीला द्या, आणि मुक्काम एर्नाकुलमला न करता फोर्ट कोचीतच करा. एर्नाकुलम म्हणजे रेल्वे स्टेशन, मोठे रस्ते, मॉल. जुनं बंदर पाण्यापलीकडे आहे, फोर्ट कोची आणि मट्टनचेरी या दोन लागून असलेल्या वस्त्यांत. तिथे जुन्या घरांतून लोक होमस्टे चालवतात, आणि पहाटे उठून पायी कुठेही जाता येतं. या पायी जाण्यालाच खरी किंमत आहे.

‘बघायला काही नाही’ म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही. मीही पहिल्यांदा तसाच परतलो होतो. दुपारी उतरलो, जाळ्यांपुढे फोटो काढले, चर्चमध्ये दहा मिनिटं फिरलो आणि संध्याकाळी ज्यू टाउनच्या गल्लीत शिरलो. गल्लीच्या टोकाला सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ. दार बंद. शनिवार होता, यहुद्यांचा विश्रांतीचा वार. शेजारचा दुकानदार म्हणाला, उद्या या. उद्या मी अलेप्पीच्या वाटेवर होतो. ती रुखरुख पुढची चार वर्षं राहिली, आणि दुसऱ्यांदा गेलो ते केवळ त्या दारासाठी.

म्हणून सगळ्यात आधी वारांचा हिशेब करा, कारण तुम्ही नेमके शुक्रवार ते रविवार जाताय. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. सिनेगॉग शनिवारी बंद, आणि शुक्रवार दुपारीही उघडं मिळेल याची खात्री नाही. रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासना असते, तेव्हा तिथे पाहुणे म्हणून हिंडणं बरं दिसत नाही. थोडक्यात चर्च शनिवारी, सिनेगॉग रविवारी. यहुदी सणाच्या दिवशीही ते बंद असतं, तेवढं निघण्याआधी बघून घ्या.

शनिवारचं बंद दार पाहून मला वाईट वाटलं खरं, पण एक गोष्ट मात्र तिथेच, त्या पायरीवर उभ्या उभ्या आठवली. आपल्या अलिबागकडच्या बेने इस्रायलींना, म्हणजे तिथल्या यहुद्यांना, कोकणात ‘शनवार तेली’ म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. ते पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांना धर्माचे पाठ द्यायला शिक्षक आले ते याच कोचीहून. ज्या गल्लीत मी उभा होतो तिचा आपल्या अष्टागराशी असा धागा आहे, हे मला घरी असताना माहीत होतं. पण तिथे पोचेपर्यंत ते नुसतं वाचलेलं होतं.

आता आणखी एक सूचना, खास महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी. ‘फोर्ट’ कोची या नावावर जाऊन तटबंदी शोधू नका. जंजिरा, सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला बुरूज हवे असतात. इथे ते नाहीत. पोर्तुगीजांनी १५०३ साली किल्ला बांधला, १६६३ साली डचांनी तो घेतला आणि लहान केला, १७९५ साली इंग्रज आले आणि पुढे त्यांनी तो पाडून टाकला. उरलंय ते नाव, किनाऱ्यावर थोडे दगड आणि एका जुन्या बुरुजाच्या जागी उभा असलेला बॅस्टियन बंगला. किल्ला बघायला गेलात तर निराश व्हाल. बंदर बघायला जा.

आणि बंदर म्हणून कोचीत जे आहे ते आपल्याकडे कुठेच शिल्लक नाही. सोपारा, चौल, दाभोळ ही एके काळची केवढी नावं! सोपाऱ्याला अशोकाचे शिलालेख सापडले, चौलला परदेशी गलबतांची रीघ असे. आज तिथे गेलं की गाळाने भरलेली खाडी, नारळीच्या बागा आणि मोडकी भिंत. बंदर गेलं, गाव राहिलं. कोचीत बंदर अजून चालू आहे. ज्या पाण्यातून मिरी भरलेली गलबतं गेली त्याच पाण्यातून आज कंटेनरची जहाजं जातात, आणि ती तुम्हाला नाश्ता करताना दिसतात.

गंमत म्हणजे कोचीचा जन्मच दुसऱ्या बंदराच्या मरणातून झाला. उत्तरेला कोडुंगल्लूरजवळ मुझिरिस हे प्राचीन बंदर होतं. रोमन व्यापारी मिरीसाठी तिथे येत. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, त्यात तिकडचं मुख गाळाने भरलं आणि कोचीपाशी खाडीला समुद्राची वाट मोकळी झाली, असं मानलं जातं. व्यापार खाली सरकला. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत पोर्तुगीज आले, आधी कालिकतला, पण बस्तान बसवलं ते इथेच. १५०० साली काब्रालची गलबतं लागली, आणि १५३० साली कारभार गोव्याला हलेपर्यंत पोर्तुगीजांचं हिंदुस्थानातलं मुख्य ठाणं हेच होतं.

शनिवारी पहाटे, उजाडायच्या सुमारास, जाळ्यांकडे जा. संध्याकाळी तिथे जत्रा भरते. पहाटे फक्त कोळी असतात आणि मांजरं. ही जाळी चिनी म्हणतात. कुणी त्यांचं श्रेय चिनी आरमाराला देतं, कुणी मकाऊहून आलेल्या पोर्तुगीजांना. मुलीला मात्र इतिहास सांगत बसू नका, यंत्र दाखवा. सागवानी आणि बांबूच्या खांबांचा, दोन-अडीच मजली उंचीचा तो सांगाडा म्हणजे एक प्रचंड तराजू आहे. एका अंगाला जाळं, दुसऱ्या अंगाला दोरांना लोंबणारे मोठमोठे दगड. तोल इतका नेमका साधलेला असतो की एक माणूस मधल्या वाशावरून पाण्याच्या दिशेने चालत गेला, की त्याच्या वजनाने जाळं खाली जातं. काही मिनिटं थांबायचं. मग चार-सहा जण दोर ओढतात, दगड एकेक करून खाली येतात आणि जाळं पाण्याबाहेर झोळीसारखं वर निघतं. बरेचदा त्यात ओंजळभर मासळी. इतक्या मेहनतीला एवढंच, हे पाहून माझा जीव कळवळला होता. आता लाकूड परवडत नाही म्हणून काही ठिकाणी लोखंडी पाइप आलेत, काही जाळी मोडून पडलीत. कोळी दोर ओढायला बोलावतात. जा, मुलीलाही ओढू द्या आणि वर खुशीने पैसे द्या. तो त्यांचा आता मासळीइतकाच धंदा आहे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

तिथून सेंट फ्रान्सिस चर्च पायी पाच-सात मिनिटांवर. बाहेरून अगदी साधं. आत डाव्या-उजव्या भिंतींशी उभ्या करून ठेवलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत, एकीकडे पोर्तुगीज, दुसरीकडे डच. जमिनीत कठडा घातलेली एक शिळा आहे. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीतच वारला आणि त्याला इथे पुरलं. चौदा-पंधरा वर्षांनी अवशेष पोर्तुगालला नेले, म्हणजे आज ती जागा रिकामी आहे. शाळेत आपण त्याचं कालिकतला येणं पाठ करतो, पण मरण कुठे आलं ते कुणी सांगत नाही. याच एका इमारतीत आधी पोर्तुगीजांचे कॅथलिक, मग डच प्रोटेस्टंट, मग इंग्रजांचे अँग्लिकन आणि आता चर्च ऑफ साउथ इंडिया. वरती छताखाली लांब कापडी पंख्याची दांडी दिसेल. तो पंखा बाहेर बसलेला माणूस दोरीने ओढत असे. तो दोर बाहेर काढण्याची भोकंही मुलीला शोधायला लावा.

सांताक्रूझ बॅसिलिका जाता जाता बघा. आताची इमारत १९०५ ची आहे, जुनं कॅथीड्रल इंग्रजांनी पाडलं. डच दफनभूमी मला तिच्यापेक्षा जास्त आवडते, पण दार बहुतेक वेळा कुलूपबंद असतं आणि कठड्यातूनच बघावं लागतं. १७२४ साली ती सुरू झाली. समुद्राच्या इतकी जवळ, की निजलेल्या माणसांना गाज ऐकू जात असेल असं वाटतं.

दुपारच्या उन्हात फिरू नका. जेवा, झोपा. करीमीन मागवा. गोव्याकडे ज्याला काळुंदर म्हणतात तोच हा खाडीतला मासा. केळीच्या पानात गुंडाळून भाजलेला मिळतो. काटे बारीक असतात, मुलीला सोडवून द्या. आप्पम आणि नारळाच्या दुधातला स्टू मुलांना बहुधा आवडतोच.

चार वाजता बझार रोडने मट्टनचेरीकडे चालायला लागा. माझ्या मते अख्ख्या कोचीतला हा सर्वात महत्त्वाचा रस्ता आहे, आणि बहुतेक पाहुणे तो रिक्षाने ओलांडतात. फोर्ट कोचीच्या बाजूने खाडीला समांतर दोन-अडीच किलोमीटर जातो. एका हाताला जुन्या वखारी. समोरचं दार रस्त्यावर, मागचं दार थेट पाण्यावर, म्हणजे होडीतून माल आत आणि बैलगाडीवर बाहेर. भिंतींचा रंग पोपडे होऊन गळतोय, कौलं काळी पडलीत, आतून तांदूळ, सुंठ, हळद, मिरीचा वास येतो. शनिवारी जा म्हणतोय ते याचसाठी. रविवारी बाजार बराचसा मिटलेला असतो. दारात उभे राहून नुसतं बघू लागलात तर कुणी हाकलत नाही. मला एका गोदामातल्या मुकादमाने मिरीचे दोन नमुने तळहातावर ठेवून फरक दाखवला. एक हलकी, पोकळ, बोटांत चुरडणारी. दुसरी भरीव आणि जड. मिरीच्या धंद्यात ‘गार्बल्ड’ असा शब्द आहे. मूळ अरबी, अर्थ चाळून निवडलेली. ‘मलबार गार्बल्ड’ ही आजही प्रत म्हणून चालते. अरब व्यापारी गेले, चाळणीचा शब्द ठेवून गेले.

याच भागात मिरीचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, होत. माणसं एका खोलीत जमून हाळ्या देत भाव ठरवत. संगणक आल्यावर तो गलबला थांबला.

आता मी ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो ते सांगतो. बझार रोडवरून आतल्या गल्ल्यांत वळलात, चेरलाईच्या बाजूला, तर कान उघडे ठेवा. मल्याळममध्ये आपल्याला एक अक्षर कळत नाही, आणि त्यातच एकदम ओळखीचं काहीतरी कानावर पडतं. मी एका दुकानात पाणी घेत होतो. आतून एका आजींनी नातवाला हाक मारली आणि त्याला लवकर घरी ये म्हणाल्या. शब्द कोकणी होते. मी थबकलो. मालवणी आजोळ असलेल्या माणसाला ते समजायला भाषांतर लागत नाही. मी तोडक्यामोडक्या कोकणीत विचारलं, तर त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि तुम्ही कुठले, कुणाचे, अशी चौकशी सुरू केली.

सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांनी देवळं पाडली, धर्मांतराचा जाच सुरू झाला, तेव्हा गौड सारस्वत कुटुंबं देव घेऊन समुद्रमार्गे दक्षिणेला गेली. बरीच कोचीला उतरली. चेरलाईचं तिरुमल देवस्वम हे त्यांचं देऊळ. साडेचारशे वर्षं झाली, भाषा टिकवून आहेत. त्यात मल्याळम मिसळलीय, काही शब्द मला कळले नाहीत, पण सूर आपलाच.

आणि यांच्यापैकीच तिघांची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. सतराव्या शतकात वान ऱ्हेडे नावाचा डच गव्हर्नर इथे होता. मलबारच्या वनस्पतींवर त्याने ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा लॅटिन ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये त्याचे १२ खंड छापले गेले. त्यासाठी झाडांची माहिती दिली ती इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित, आप्पूभट या तीन कोकणी वैद्यांनी. पहिल्या खंडात या तिघांचं १६७५ सालचं प्रमाणपत्र जसंच्या तसं छापलंय: भाषा कोकणी, लिपी नागरी. तेव्हा इकडे महाराजांच्या राज्याभिषेकाला जेमतेम वर्ष झालं होतं. त्याच सुमारास तीन वैद्य कोचीत बसून नागरीत सही करत होते आणि ते अक्षर ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यात तांब्यावर कोरलं जाणार होतं. बंदर काय करतं, हे मला याच्यापेक्षा चांगलं सांगता येणार नाही.

देवळात जायचं असेल तर दुपारी ते बंद असतं, आणि पुरुषांना सदरा काढावा लागेल का, आत कुठवर जाता येईल, हे दारातच विचारा. वाईट वाटून घेऊ नका, नियम तिथल्यांनाही तेच आहेत.

रविवारी सकाळी राजवाडा आणि सिनेगॉग. दोन्ही एकमेकांना लागून आहेत, मध्ये फक्त भिंत आणि राजवाड्याच्या आवारातलं देऊळ. राजवाड्याला लोक ‘डच पॅलेस’ म्हणतात, पण १५५५ च्या सुमारास तो बांधून कोचीच्या राजाला दिला पोर्तुगीजांनी. डचांनी नंतर दुरुस्त केला. बाहेरून वाड्यासारखा दिसतो, काही भव्य नाही. आत राजाच्या शेजघरात जा. भिंतीभर रामायण रंगवलंय, दशरथाच्या यज्ञापासून पुढे. चित्रांमध्ये बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. एका आकृतीचा हात दुसरीच्या मुकुटाआड जातो, झाडात पाखरं, पाखरांत पानं. रंग काव, पिवळा, हिरवा, मातीचे आणि झाडपाल्याचे. पहिल्यांदा मी तिथे फोटो काढू देत नाहीत म्हणून खट्टू झालो होतो. आता वाटतं बरंच झालं. फोन खिशात असला की माणूस वीस मिनिटं एका भिंतीपुढे उभा राहतो. मुलीला एक खेळ द्या: प्रत्येक चित्रात राम शोध. तो हिरवट रंगाचा आहे.

मग सिनेगॉग. १५६८ सालचं. पायात काही घालून आत जाता येत नाही, आणि ते फार चांगलं आहे, कारण जमीन पायांनी बघायची आहे. अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, प्रत्येक हाताने रंगवलेली. नदी, पूल, झाड, माणूस. सारख्या वाटतात, पण दोन शेजारच्या नीट लावून पाहिल्या की रेघ वेगळी. वर बेल्जियमची काचेची झुंबरं. बाहेर १७६० च्या सुमाराचा घड्याळाचा मनोरा, त्याच्या एका तबकडीवर रोमन आकडे तर दुसरीवर हिब्रू. १९६८ साली चारशे वर्षं झाली तेव्हा इंदिरा गांधी इथे आल्या होत्या, टपाल तिकीट निघालं होतं. तोवर बहुतेक कुटुंबं इस्रायलला निघून गेली होती, आणि आज या गल्लीत यहुदी माणूस भेटणं जवळजवळ अशक्य आहे. गल्लीला नाव त्यांचं, दुकानं काश्मिरी शालींची आणि जुन्या वस्तूंची. इथून कुणी त्यांना हाकललं नव्हतं, ते आपण होऊन गेले, म्हणून की काय त्या रिकाम्या बाकांपुढे मला चर्चमधल्या शिळांपेक्षा जास्त भरून आलं.

पाणी राहिलं. दोन दिवसांत एकदा तरी बोटीतून कोची बघाच, त्याशिवाय गेल्यासारखं नाही. शनिवारी बाजारातून परतताना किंवा रविवारी दुपारी फोर्ट कोचीहून वॉटर मेट्रोने एर्नाकुलमच्या हायकोर्ट धक्क्याला जा आणि तसेच परत या. २०२३ साली सुरू झालेल्या या विजेवर चालणाऱ्या बोटी वातानुकूलित आणि स्वच्छ आहेत. पण जमलं तर एका दिशेने सरकारी जुनी फेरीबोट घ्या, ती कामावर जाणाऱ्यांची. तिकीट नावापुरतं, खिडकीला काच नाही, वारा थेट तोंडावर. वाटेत वल्लारपाडमच्या कंटेनर क्रेन दिसतात, नौदलाची जहाजं दिसतात, आणि एर्नाकुलमच्या बाजूला कोचीन शिपयार्ड, जिथे विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका बांधली गेली आणि २०२२ मध्ये नौदलात आली.

मधलं विलिंग्डन बेट मुलीला दाखवा आणि सांगा की ते माणसांनी केलंय. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता, मोठ्या जहाजांना बाहेर नांगर टाकून थांबावं लागे आणि पावसाळ्यात कामच थांबे. रॉबर्ट ब्रिस्टो हा इंग्रज इंजिनीअर १९२० साली आला, त्याने दांडा फोडून खोल वाट काढली, १९२८ साली मोठी आगबोट आत आली, आणि उपसलेल्या गाळाचं हे बेट झालं. चौलच्या खाडीच्या वाट्याला असं कुणी आलं नाही.

जून ते ऑगस्ट पाऊस जोरात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर पुन्हा. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा सर्वात बरी, पण नाताळ ते नववर्ष गर्दी फार. डिसेंबरपासून पुढे काही महिने कोची-मुझिरिस बिनाले असलं तर जुन्या वखारींमध्ये चित्रं-शिल्पं मांडलेली असतात. एरवी बंद असणारी ती गोदामं आतून बघायची हीच संधी. दर दोन वर्षांनी भरतं, तेवढं साल जुळतंय का बघा.

विमानतळ नेडुंबश्शेरीला आहे, फोर्ट कोचीपासून चाळीस किलोमीटरच्या आसपास, आणि रविवारी संध्याकाळी पुलांवर गाड्या तुंबतात. रात्री नऊचं विमान असेल तर पाचला निघा. मिरी शनिवारीच घेऊन ठेवा, पावशेर पुरे. घरी आल्यावर डबा उघडलात की चार दाणे बोटांत चुरडून बघा, भरीव निघाली तर दुकानदाराने फसवलं नाही.